दुर्मिळ स्लाव्ह आडनाव किंवा गावाचं नाव हाती आलं, तर त्याचं मूळ कसं शोधायचं?

पोलिश, चेक, रशियन किंवा युक्रेनियन आडनाव समोर आलं की बहुतेक जण ते थेट ऑनलाइन अनुवादकात टाकतात. काहीतरी अर्थ मिळतो, तो मजेशीरही असतो, आणि शोध तिथेच थांबतो. निम्म्या चुका इथेच होतात. पोलंडमधल्या पोझ्नान शहराचं बघा. पोलिशमध्ये 'पोझ्नाच' म्हणजे ओळखणं. त्यावरून गोष्ट रचली गेली की लेख, चेख आणि रुस हे ताटातूट झालेले तीन भाऊ इथे भेटले आणि त्यांनी एकमेकांना ओळखलं. गोष्ट गोड आहे, पण नाव तसं पडलेलं नाही. पोझ्नान नावाचा कोणी एक माणूस होता आणि हे त्याचं गाव, एवढंच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी लेखन, मग जागा, मग काळ, मग नावाची घडण. अर्थ सगळ्यात शेवटी.

पायरी १: नाव मूळ रूपात आणा

आपल्याकडे ही नावं इंग्रजीतून गाळून येतात आणि वाटेत अक्षरांवरच्या खुणा गळतात. आपली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं 'लेक वालेसा' छापत आली, पोलिश उच्चार मात्र 'वावेंसा'च्या जवळचा आहे, कारण तिरकी रेघ मारलेला पोलिश एल 'व'सारखा उच्चारतात. उच्चार चुकला तर एक वेळ चालेल. शोध घेताना ती रेघ गाळली तर मात्र भलतंच कुटुंब हाती लागू शकतं. व्हिएन्नात स्थायिक झालेल्या चेक कुटुंबांचं 'प्रोखाझ्का' जर्मन वळणाने 'प्रोहास्का' झालं. ज्या देशाच्या कागदावर नाव सापडलं, त्या देशाचं लेखन बाजूला सारून मागे जायचं असतं.

पूर्व स्लाव्ह नावांत दोन गोष्टी लगेच उपयोगी पडतात. रशियन 'ग'च्या जागी युक्रेनियनमध्ये 'ह' येतो: लुगान्स्क आणि लुहान्स्क. आणि रशियन 'ओव्ह', युक्रेनियन 'इव्ह', पोलिश 'ऊव्ह' हा एकच प्रत्यय असतो. बातम्यांत वाचलेली ल्वोव, ल्विव्ह आणि ल्वूव्ह ही तीन गावं नाहीत.

स्त्रियांची आडनावं पुरुषी रूपात न्या. चेक 'हाव्लोव्हा'चं मूळ 'हावेल', 'चापकोव्हा'चं 'चापेक'. मधला 'ए' गळतो हे माहीत नसेल तर 'चापक' शोधत बसाल. जुन्या पोलिश कागदांत लग्न झालेल्या बाईच्या आडनावाला 'ओवा' आणि अविवाहित मुलीच्या आडनावाला 'ऊव्हना' जोडलेलं दिसतं. ते काढून टाकायचं. चेक प्रजासत्ताकात १ जानेवारी २०२२ पासून स्त्रियांना आडनावाचं पुरुषी रूपही निवडता येतं, त्यामुळे अलीकडच्या नावावरून 'ही बाई चेक नसावी' असा तर्क करू नका.

पायरी २: गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं?

इथे आपल्याशी थेट संबंध असलेलं उदाहरण आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांतल्या बहुतेकांना १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हाकलून नेलं होतं. तिथून ते इराणमार्गे इकडे पोचले. त्यांच्यापैकी कोणाच्या कागदावर जन्मगाव 'स्तानिस्वावूव्ह' असेल, तर आजच्या पोलंडच्या नकाशात ते शोधू नका. ते युक्रेनमध्ये आहे आणि १९६२ पासून त्याचं नाव इव्हानो-फ्रान्किव्स्क आहे. नोवोग्रूदेक आता बेलारूसमध्ये नावाह्रूदाक म्हणून आहे, तर विल्नो म्हणजे लिथुआनियाची राजधानी विल्नियस.

पोलंड १७७२ ते १७९५ या काळात ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया यांनी वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत तो तसाच राहिला. त्यामुळे गाव कोणाच्या वाट्याला गेलं होतं यावरून दप्तराची भाषा ठरते. ऑस्ट्रियाच्या गॅलिसियात (आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) बहुधा लॅटिन. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये आधी पोलिश, मग १८६८ पासून रशियन. रशियन लिपीतल्या नोंदीत नाव पुष्कळदा कंसात पोलिशमध्येही दिलेलं असतं. तो कंस म्हणजे लॉटरीच.

जुन्या पोलिश मुलखातली गावं शोधायला १८८० ते १९०२ दरम्यान वॉर्सात निघालेला पोलिश राज्याचा भौगोलिक कोश आजही सगळ्यात हाताशी येतो. त्याची पानं ऑनलाइन फुकट वाचता येतात.

पायरी ३: आडनाव नकाशावर पसरून बघा

इथे दुर्मिळ आडनावाचा फायदा मिळतो. 'नोव्हाक' (नवा आलेला) हे पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हेनिया या तिन्ही देशांत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. त्याचा नकाशा म्हणजे लोकसंख्येचाच नकाशा, त्यातून काही कळत नाही. पण दोन-तीनशे लोकांचं आडनाव एकाच खोऱ्यात दाटलेलं दिसलं, तर ते तिथेच जन्माला आलं असण्याची शक्यता मोठी.

पोलंड सरकार नागरिकांच्या नोंदणीतून आडनावांची आकडेवारी खुली करतं. चेक आडनावांसाठी 'क्दे य्स्मे' (आपण कुठे आहोत) नावाचं संकेतस्थळ गावागणिक संख्या दाखवतं. एक इशारा: पोलंडचा पश्चिम आणि उत्तर भाग १९४५ नंतर नव्याने वसवला गेला, तेव्हा व्रोत्सवाव किंवा श्चेचिनच्या आसपास दिसणारा दाट ठिपका मूळ गाव दाखवत नाही. १९४५ नंतर आगगाड्यांतून आणून वसवलेली माणसं तिथे आहेत.

पायरी ४: सगळ्यात जुनी नोंद गाठा

सगळा वेळ इथेच जातो आणि जायलाच हवा. आडनाव पिढीजात कधी झालं ते प्रदेशाप्रदेशाने वेगळं आहे. पोलिश सरदारांची आडनावं १५व्या-१६व्या शतकात स्थिरावली, शेतकऱ्यांची बरीच नंतर. हाब्सबुर्ग घराण्याच्या ऑस्ट्रियन राज्यात सम्राट योसेफ दुसरा याच्या काळात, १७८० च्या दशकात, आडनाव न बदलण्याची सक्ती आली. ज्यू कुटुंबांना १७८७ च्या हुकमाने जर्मन धाटणीची आडनावं घ्यावी लागली. रशियात भूदासांची मुक्तता १८६१ ची, आणि अनेक शेतकरी कुटुंबांची आडनावं कागदावर पक्की झाली ती त्यानंतरच. त्यामुळे रशियन शेतकरी आडनावाची १६००ची वंशावळ कोणी दाखवली तर आधी पुरावा मागा.

मुख्य साधन म्हणजे चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या. कॅथलिक मुलखात १५६३ च्या ट्रेंट परिषदेनंतर त्या ठेवायला सुरुवात झाली. चेक अभिलेखागारांनी बहुतेक वह्या स्कॅन करून फुकट उपलब्ध करून दिल्या आहेत. पोलंडसाठी पोलिश वंशावळ संस्थेची 'गेनेतेका' ही सूची आणि सरकारी अभिलेखागारांचं 'श्चुकाय व्ह अर्खीवाख' हे संकेतस्थळ. वळिवड्यासारख्या, म्हणजे पूर्वेकडच्या कुटुंबांसाठी वॉर्सातल्या जुन्या कागदपत्रांच्या मुख्य अभिलेखागारात 'बुग नदीपलीकडच्या वह्या' ठेवल्या आहेत. १९४५ नंतर तिकडून हलवलेली दप्तरं ती हीच.

वही उघडल्यावर नुसतं आडनाव शोधू नका, 'उर्फ' शोधा. लॅटिनमध्ये ते 'आलिआस' किंवा 'दिक्तुस' असं येतं, पोलिश नोंदींत 'वेल'. बोहेमियात, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागात, माणूस राहत्या वाड्याच्या नावाने ओळखला जाई. घरजावई झालेला पुरुष सासऱ्याच्या वाड्याचं नाव घेई आणि त्याची मुलंही तेच लावत. म्हणजे बापाचं एक आडनाव, मुलाचं दुसरं, आणि रक्ताचं नातं मात्र सलग. अशा वेळी आडनावाऐवजी घर नंबर धरून मागे जावं. हाब्सबुर्ग राज्यात घरांना नंबर १७७० पासून पडू लागले, त्यामुळे १८व्या शतकाच्या शेवटापर्यंत हा दोर टिकतो.

जुनी नोंद काय करू शकते ते वॉर्साच्या नावात दिसतं. आज ते 'वार्शावा' आहे. लोककथेत वार्स नावाचा कोळी आणि सावा नावाची जलपरी. पण १४व्या-१५व्या शतकातल्या कागदांत लिहिलंय 'वार्शेवा'. 'ए'चा 'आ' पुढे झाला. माझोव्हियाच्या, म्हणजे वॉर्साभोवतीच्या प्रदेशाच्या, बोलीत जिथे 'आ' हवा तिथे 'ए' म्हणत, तेव्हा शहरी, शुद्ध बोलू पाहणाऱ्यांनी जिथे 'ए'च बरोबर होता तिथेही 'आ' करून टाकला. जुनं रूप समोर ठेवलं की सावा आपोआप गळून पडते आणि उरतो 'वार्श', वार्चिस्वाव या नावाचं घरगुती रूप, आणि त्याला लागलेला मालकीचा प्रत्यय. वार्शचं गाव.

पायरी ५: आधी शेपूट कापा

मूळ शब्दाला हात घालण्यापूर्वी प्रत्यय वेगळा करा, कारण प्रदेश बहुतेकदा त्यातूनच कळतो.

पोलिश 'स्की' मुळात आपल्या 'कर'सारखा, गावावरून आलेला: तार्नूव्हचा तो तार्नोव्स्की. सुरुवातीला तो जमीनदारांचा होता. पुढे त्याला प्रतिष्ठा आली आणि ज्यांच्या मालकीचं गाव नव्हतं त्यांनीही तो लावला. 'कोवाल' म्हणजे लोहार, आणि 'कोवाल्स्की'ने पूर्वज सरदार असल्याचं सिद्ध होत नाही. 'ओविच' किंवा 'एविच' बापाच्या नावावरून, आणि लिथुआनिया-बेलारूसकडच्या कुटुंबांत हा विशेष. युक्रेनियन 'एन्को' नीपरच्या दोन्ही काठांचा, 'उक' आणि 'चुक' पश्चिमेच्या वोलिन-पोदोल्याकडचा. 'इशिन' पूर्व गॅलिसियाचा, आणि तो आईकडून येतो: रोमानची बायको ती रोमानिखा, तिचा मुलगा तो रोमानिशिन. सर्ब-क्रोएट 'इच' सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

रशियन 'ओव्ह', 'एव्ह', 'इन' हे मालकीचे प्रत्यय आहेत: 'कोणाचा?' याचं उत्तर. दुर्मिळ म्हणावं असं शेपूट म्हणजे 'इख': चेर्निख, सेदिख, दोल्गिख. हे बहुवचनी षष्ठीचं रूप, म्हणजे 'काळ्यांच्या घरचा', 'पांढऱ्या केसांच्या घरचा'. कुर्स्क-वोरोनेझपासून सैबेरियापर्यंत त्याचा पट्टा आहे.

पायरी ६: उरलेला शब्द कुठल्या जातीचा?

चेक भाषेत वाक्यंच्या वाक्यं आडनावं झाली आहेत. 'नेयेझख्लेबा' म्हणजे 'भाकरी खाऊ नकोस'. 'ओसोलसोब्ये' म्हणजे 'स्वतःपुरतं मीठ घालून घे'. 'स्कोचदोपोले' म्हणजे 'शेतात उडी मार'. 'स्तोयेस्पाल' म्हणजे 'उभ्याउभ्या झोपला', आणि 'राद्सेतोउलाल' म्हणजे 'भटकायला आवडायचं त्याला'. ही टवाळी गावाने केलेली. पण प्रत्येकामागे एक मजेदार प्रसंग घडलाच असेल असं मानून तो प्रसंग रचू नका. कागदावर नाव आहे, प्रसंग नाही. 'नाव्रातिल' (परतला), 'दोलेझाल' (लोळत राहिला), 'विस्कोचिल' (उडी मारून निघाला) अशी भूतकाळी आडनावं मोराव्हियात, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागात, जास्त, हे मात्र ध्यानात ठेवा.

युक्रेनच्या कझाकांचा (कोसॅक लढवय्यांचा, कझाकस्तानच्या लोकांचा नव्हे) विनोद याहून रांगडा. 'नेपियवोदा' म्हणजे 'पाणी पिऊ नकोस', 'उबियवोव्क' म्हणजे 'लांडगा मार'. झापोरोझ्ये छावणीत भरती होणारा आपलं जुनं नाव मागे टाकून येई आणि सोबती त्याला नवं चिकटवत. झ्बोरिव्हच्या तहानंतर १६४९ मध्ये तयार झालेली सुमारे चाळीस हजार कझाकांची यादी उपलब्ध आहे. युक्रेनियन टोपणनावी आडनावांसाठी ती आधी चाळा.

यानंतर दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली नावं. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवत. सर्बियन लिपी आणि कोशाचा जनक वुक काराजिच (जन्म १७८७) हा याच तऱ्हेने 'वुक', म्हणजे लांडगा, झाला. आधीची भावंडं गेली होती आणि चेटकिणी लांडग्याला हात लावत नाहीत असा समज होता. रशियात नेक्रास (कुरूप), नेझ्दान (अनपेक्षित आलेला), त्रेत्याक (तिसरा) ही बाप्तिस्म्याबाहेरची घरगुती नावं होती. 'नेक्रासोव्ह' आडनावाचा मूळपुरुष कुरूप होता असं म्हणणं म्हणजे धोंडूला दगड समजणं.

रशियन धर्मगुरूंच्या मुलांची तऱ्हा वेगळीच. सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत) दाखल होताना मुलाला नवं आडनाव दिलं जाई: सणावरून उस्पेन्स्की, त्रोइत्स्की, आणि लॅटिनवरून स्पेरान्स्की (आशा करणं). मंत्री मिखाइल स्पेरान्स्की हा खेड्यातल्या पाद्र्याचाच मुलगा. अशा आडनावाचं गाव शोधण्यात अर्थ नाही, ते शाळेच्या हजेरीपटावर जन्मलेलं असतं. सरदारांच्या अनौरस मुलांना बापाच्या आडनावाचं पुढचं टोक तोडून दिलं जाई: त्रुबेत्स्कोयचा बेत्स्कोय, रेप्निनचा प्निन. एखादं रशियन आडनाव कुठल्याच मुळाशी जुळत नसेल, तर त्याच्यापुढे एक अक्षरगट जोडून बघा.

पायरी ७: गावांच्या नावांचे थर

नद्यांची नावं सगळ्यात जुनी, आणि ती सहसा स्लाव्ह नसतात. दोन, नीपर, नीस्टर यांत शक-सरमातांच्या इराणी भाषेतला नदीवाचक 'दानु' आहे. ऋग्वेदातला 'दानु' त्याच कुळातला. प्रागची व्ल्तावा जर्मानिक 'रानटी पाणी' या शब्दांवरून आली. उत्तर रशियात पिनेगा, ओनेगा अशी नावं दिसली की फिन्नो-उग्रिक भाषांचा कोश उघडा.

त्याच्यावरचा थर माणसांच्या नावांचा. चेक 'इत्से' आणि 'ओवित्से' म्हणजे अमक्याची माणसं: बुदिवोयच्या माणसांचं ते बुद्येयोवित्से. पोलंडमध्ये याच काळातली सेवागावं फार मोलाची आहेत. पिएकारी (भटारी), श्चित्निकी (ढाली करणारे), सोकोल्निकी (ससाणे पाळणारे), बोब्रोव्हनिकी (बीव्हर राखणारे), प्सारी (कुत्रे सांभाळणारे): ही गावं राजाच्या गढीभोवती तिच्या चाकरीसाठी वसवलेली होती. नकाशावर दोन-तीन अशी नावं जवळजवळ दिसली की मध्ये जुनी गढी शोधा. ग्निएझ्नो, पोझ्नान आणि क्राकूव्हच्या परिसरात हे सहज दिसतं.

मग १३व्या-१४व्या शतकातली जंगलतोडीची गावं. चेक मुलखात 'ल्होता' नावाची गावं शेकड्यांनी आहेत. ल्होता म्हणजे मुदत: जंगल साफ करून वसणाऱ्याला ठराविक वर्षं सारा माफ. स्लोव्हाकियात तेच 'लेहोता', सिलेशियात 'लिगोता', पोलंडमध्ये 'वोला'. शोपँचं जन्मगाव झेलाझोवा वोला हे असंच. मराठा अमदानीतला इस्ताव्याचा कौल ज्याने कागदात वाचला आहे त्याला ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

पश्चिमेला जर्मनीतही हे काम चालतं. लाइपझिगमध्ये 'लिपा' हे झाड आहे, केम्निट्झमध्ये 'कामेन' म्हणजे दगड. पूर्व जर्मनीत 'इट्झ'ने किंवा उच्चारात 'ओ' उरलेल्या 'ओव्ह'ने संपणारं गाव दिसलं की आधी स्लाव्ह मूळ तपासा.

पायरी ८: खोट्या खुणा

ईशान्य पोलंडमध्ये केंट्शिन नावाचं शहर आहे. हिटलरचं 'वुल्फ्सशान्झे' मुख्यालय त्याच्या शेजारच्या जंगलात होतं. नाव बघितलं तर अस्सल जुनं वाटतं: शेवटी 'इन', म्हणजे मालकीचा प्रत्यय, म्हणजे केंट्शा नावाच्या कोणाचं तरी गाव. सगळं सातव्या पायरीच्या नियमात बसतं आणि सगळं चूक. १९४६ पर्यंत हे जर्मनांचं रास्टेनबुर्ग होतं. युद्धानंतर पोलिश नामकरण आयोगाने त्याला इतिहासकार वोइचेख केंट्शिन्स्की याचं नाव दिलं. हा १८३८ मध्ये लोट्झेन गावी विंकलर या जर्मन आडनावाने जन्मला होता. पुढे त्याने घराण्याचं जुनं पोलिश आडनाव परत घेतलं. ते आडनाव उत्तर पोलंडच्या काशुबिया भागातल्या केंट्शिनो गावावरून आलेलं. म्हणजे गावावरून आडनाव, आणि त्या आडनावावरून शेकडो किलोमीटर दूरचं दुसरं गाव. लोट्झेनही सुटलं नाही. ते झालं गिझित्स्को, पाद्री गिझेव्ह्युश याच्या नावावरून. सिलेशियातलं रायखेनबाख हे मधमाशांवर काम करणाऱ्या जेर्झोन या पाद्र्याचं जेर्झोन्यूव्ह झालं.

म्हणून १९४५ नंतर पोलंडला मिळालेल्या प्रदेशात, आणि चेक सरहद्दीच्या पूर्वीच्या जर्मन पट्ट्यात, प्रत्ययावर विश्वास टाकण्याआधी १९३९ पूर्वीचा नकाशा बघा. सोव्हिएत मुलखात तर एकाच गावाने दोन-तीनदा नाव बदललेलं असतं. नीप्रोपेत्रोव्स्कचं नीप्रो झालं ते २०१६ मध्ये.

दुर्मिळ आडनावाच्या बाबतीत आणखी एक शंका नेहमी घ्या: ते मुळात आडनाव आहे की कारकुनाची चूक? एकाच पानावर एकदाच दिसणारं रूप त्याच घराच्या आधीच्या-नंतरच्या नोंदींशी पडताळा. घर नंबर तोच आणि आईबापही तेच असतील, तर तुमचं दुर्मिळ आडनाव म्हणजे शेजारच्याच आडनावाचं चुकलेलं स्पेलिंग आहे.

पायरी ९: टिपण

प्रत्येक नावासाठी एक कार्ड करा: आजचं रूप, सर्वांत जुनं रूप आणि त्याचं वर्ष, त्या वेळचं राज्य आणि दप्तराची भाषा, प्रत्यय, मूळ, आणि शेवटी खात्रीचा दर्जा. दर्जा तीनच पुरेत: नोंदीने सिद्ध, घडणीवरून शक्य, लोककथा. लोककथा फेकू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. रशियन मुळांसाठी फास्मरचा व्युत्पत्तिकोश आणि बोहेमियातल्या गावांसाठी प्रोफूसचा पाच खंडी कोश जवळ असेल तर शेवटचे दोन रकाने भरणं सोपं जातं. पण कोशातली व्युत्पत्ती आणि तुम्ही शोधलेली नोंद जुळली नाही, तर नोंद तुमच्याच गावाची आहे ना हे आधी बघा. एका नावाची दहा गावं असणं स्लाव्ह मुलखात अगदी नेहमीचं, आणि कोशकाराने कदाचित दुसरंच घेतलेलं असतं.